बिस्किटाचा नैवेद्य

आमच्या घरची पूजा मला पाठीमागून माहीत आहे. म्हणजे असं की बाबा सोवळं नेसून देवघरापुढे पाटावर बसायचे आणि आम्ही बहिणी उंबऱ्याच्या अलीकडे. फुलं तोडून दिली, गंध उगाळून दिलं, तांब्या भरून ठेवला की आमचं काम संपलं. मग दिसायची ती फक्त बाबांची पाठ, जानवं, आणि उजवा कोपर. कोपर किती वर गेला त्यावरून मला कळायचं की आता घंटा वाजणार, का आता नुसतंच फूल वाहिलं. वीस-बावीस वर्षं मी ती पूजा बघितली आणि एकदाही समोरून बघितली नाही.

बाबा गेले, भाऊ परदेशात, वाडा रिडेव्हलपमेंटला गेला आणि देव एका स्टीलच्या डब्यात तांदळात ठेवून माझ्या फ्लॅटवर आले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शाळिग्राम, कुळदेवीचा टाक, शंख, घंटा. चौदा महिने तो डबा कपाटात वरच्या कप्प्यात होता, गाद्यांच्या शेजारी, आणि रोज कपाट उघडलं की पोटात काहीतरी व्हायचं. शेवटी एका गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, शाळिग्रामाला तुम्ही हात नका लावू, दोन फुलं वाहा, पुरे. मी फोन ठेवला आणि रडले, खोटं कशाला सांगू.

मग त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही म्हणून वाचत बसायचे, आणि वाचता वाचता डोरोथी ईडी या बाईशी गाठ पडली. तेव्हापासून ती काही माझ्या डोक्यातून गेली नाहीये.

डोरोथीचा जन्म १९०४ चा, लंडनचा, वडील शिंपीकाम करणारे. तीन वर्षांची असताना जिन्यावरून पडली, डॉक्टरांनी गेली म्हणून सांगितलं, आणि ते पुन्हा आले तर पोरगी बिछान्यात बसून खेळतेय. त्यानंतर ती एकच हट्ट करायला लागली, मला घरी न्या. घरीच आहेस की, असं आईबाप म्हणायचे. पुढे कधीतरी ब्रिटिश म्युझियममध्ये नेलं तर इजिप्तच्या दालनात मूर्तींच्या पायांना ओठ लावत फिरली आणि तिथून हलायला तयार होईना. नंतर एका पुस्तकात इजिप्तमधल्या अबायडॉस गावच्या जुन्या देवळाचा फोटो बघितला आणि म्हणाली, हेच माझं घर, पण बाग कुठे गेली, झाडं कुठे गेली? तिचं म्हणणं असं की तीन हजार वर्षांपूर्वी ती त्याच देवळात बेंत्रेशित नावाची पुजारीण होती आणि फारो, म्हणजे तिथला राजा, पहिला सेटी याच्यावर तिचं प्रेम होतं.

आता हे ऐकून कुणी हसेल, कुणी हात जोडेल. मी ज्या घरात वाढले तिथे मागच्या जन्मीचं देणं हा शब्द भाजी निवडताना सुद्धा यायचा, त्यामुळे मला त्याचं फार नवल वाटलं नाही आणि त्याचा पुरावाही मागावासा वाटला नाही. मला धरून ठेवलं ते तिनं पुढे जे केलं त्यानं. म्युझियमच्या वॉलिस बजसारख्या मोठ्या विद्वानाच्या प्रोत्साहनानं ती चित्रलिपी शिकली, एका इजिप्शियन माणसाशी लग्न करायला कैरोला गेली, आणि तिथे मुलगा झाला तर त्याचं नाव ठेवलं सेटी. तिकडे बाईला मोठ्या मुलाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, आपल्याकडे नाही का बाळूची आई, तशी ती ओम सेटी झाली, सेटीची आई. लग्न काही टिकलं नाही. पोटासाठी पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समनचं काम धरलं, गिझाला सेलीम हसन यांच्या हाताखाली आणि नंतर दहशूरला अहमद फाखरी यांच्याबरोबर, आणि वीसएक वर्षं पिरॅमिडच्या सावलीत काढून १९५६ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तिनं कैरोत मिळत असलेली बरी नोकरी नाकारून अबायडॉसला बदली मागून घेतली, दिवसाला दोन डॉलर पगारावर, मातीच्या घरात.

बावन्नावं वर्ष. मी ते वाचलं तेव्हा मी एक्कावन्न पूर्ण केली होती.

तिथे तिचं काम होतं पडलेल्या भिंतींचे लेख लिहिलेले तुकडे जुळवायचं, त्यांची यादी करायचं, भाषांतर करायचं. ते ती मन लावून करायची आणि मोठमोठे इजिप्तचे अभ्यासक तिचा सल्ला घ्यायचे, हे तिला वेडी म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. पण रोज सकाळी आणि संध्याकाळी ती चपला काढून देवळात जायची आणि त्या त्या दिवसाची प्रार्थना म्हणायची. ओसायरिस हा तिथला देव आणि आयसिस ही देवी, त्यांच्या जन्मदिवशी जुन्या रीतीनं पथ्य पाळायची आणि ओसायरिसच्या गाभाऱ्यात नैवेद्य घेऊन जायची. बीअर, वाईन, ब्रेड आणि चहाबरोबर खातात ती बिस्किटं.

बिस्किटं. मी तिथेच थांबले, पुढचं काही वेळ वाचवलंच नाही.

त्या देवळाच्या भिंतींवर काय आहे ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. सेटीनं बांधलेल्या या देवळात एका ओळीत सात गाभारे आहेत, ओसायरिस, आयसिस, होरस, आमुन, रा-होराख्ती, प्ताह आणि सातवा खुद्द सेटीचा. आणि गाभाऱ्यांच्या आतल्या भिंतींवर देवाची रोजची पूजा चित्रांतून कोरून ठेवलीय, पायरी पायरीनं. दाराची मातीची मोहोर तोडायची, कडी काढायची, देवाचं दर्शन घ्यायचं, जमिनीला नाक लावायचं, धूप दाखवायचा, कालचं वस्त्र काढायचं, स्नान घालायचं, नवी वस्त्रं, सुगंधी तेल बोटानं लावायचं, दागिने, मग जेवण. आणि सगळं झालं की पुजाऱ्यानं मागे मागे सरकत झाडूनं स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत बाहेर यायचं आणि दार पुन्हा मोहोरबंद. हे वाचताना मला अंगावर काटा आला, कारण वस्त्राचा भाग आला तसा बाबांचा कोपर डोळ्यांपुढे आला, गंध लावताना तो थोडा आत वळायचा तसा. आवाहन, आसन, पाद्य, स्नान, वस्त्र, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. इजिप्तवरून आपल्याकडे आलं की आपल्याकडून तिकडे गेलं, असल्या भांडणात मला पडायचं नाही, व्हॉट्सॲपवर ते लोक पुष्कळ करतात. मूर्तीत देव आहे असं एकदा मानलं की त्याला सकाळी उठवणं, आंघोळ घालणं, खायला देणं हे ओघानं येतंच, पंढरपुरात काकड्याला येतं तसं.

आणि आणखी एक. त्या भिंतींवर प्रत्येक चित्रात पूजा करणारा हात राजाचाच आहे. प्रत्यक्षात पुजारी करायचे, पण राजाच्या नावानं. बायका देवळांत नव्हत्या असं नाही, जुन्या राज्याच्या, म्हणजे पिरॅमिड बांधले त्या काळात हाथोर देवीच्या पुजारिणी पुष्कळ होत्या, त्यांच्या पदवीचा अर्थच देवाची सेविका असा होतो. पुढे थेब्समध्ये आमुनची देवपत्नी म्हणून राजघराण्यातल्या बाया फार मोठा अधिकार गाजवून गेल्या, आणि सिस्ट्रम नावाचं खुळखुळ्यासारखं वाद्य वाजवत गाणाऱ्या तर घराघरातल्या होत्या. पण अबायडॉसच्या गाभाऱ्यात भिंतीवर राजा आणि समोर जमिनीवर एक म्हातारी होत चाललेली बाई, हातात बिस्किटांची बशी, आणि गाभारा रिकामा. मूर्ती कधीच गेलेली. ती पंचवीस वर्षं रिकाम्या गाभाऱ्याची सेवा करत होती.

किती रिकामा ते बघा. फिले बेटावरच्या आयसिसच्या देवळात २४ ऑगस्ट ३९४ ला एका पुजाऱ्यानं भिंतीवर चार शब्द कोरले, त्याच्या माहितीत असलेला शेवटचा चित्रलिपीतला लेख तो, आणि त्यात त्यानं लिहिलंय की हे अनंत काळासाठी. त्यानंतर ती लिपी लिहिलेली सापडत नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं ते देऊळही बंद केलं, आणि मग १८२२ मध्ये शांपोलियननं लिपी उलगडेपर्यंत भिंतीवर काय लिहिलंय हे जगात एकालाही वाचता येत नव्हतं. शिकवायला गुरू नाही, आजी नाही, शेजारची काकू नाही. माझ्याकडे निदान पाठ होती बघायला.

(वर मी त्याच्या माहितीत म्हणलं ते चुकलं, त्या बिचाऱ्याला कुठे माहीत होतं शेवटचा आहे म्हणून. आपल्या माहितीत.)

ओम सेटी एकटी होती, पण तिच्यासारख्या बायका त्याच सुमाराला दुसरीकडेही उभ्या राहत होत्या. आयर्लंडमध्ये क्लोनेगल गावात जुन्या किल्ल्यात राहणारी ऑलिव्हिया रॉबर्टसन, हिनं भाऊ आणि भावजयीबरोबर १९७६ च्या वसंत संपाताला आयसिसच्या नावानं एक संघ काढला, तळघरात देऊळ केलं, आणि कुणीही या, फी नाही, शपथ नाही, गुपित नाही, असं म्हणून हजारो लोकांना जोडलं. त्यात त्यांनी जगभरच्या देवी घेतल्या, आपल्याकडच्या पण. मला मनापासून सांगायचं तर इतकं सगळं एकत्र केलेलं मला जरा पचत नाही, पण ती बाई शहाण्णव वर्षं जगली आणि शेवटपर्यंत येणाऱ्याला दारातून परत पाठवलं नाही, हे मोठंच. अमेरिकेत तमारा सिउदा या बाईनं १९८८ पासून केमेटिक ऑर्थोडॉक्सी, म्हणजे जुना इजिप्शियन धर्म पुन्हा पाळणारा पंथ, उभी केली, तिथे जुनी नावंच वापरतात, आयसिसला असेत, ओसायरिसला वेसिर. आणि ते बरंच झालं म्हणायचं, कारण २०१४ नंतर आयसिस म्हटलं की लोकांना देवी आठवेनाशी झाली, भलतंच आठवायला लागलं. एका देवीचं नाव असं हिसकावलं जाणं किती वाईट आहे ना. त्यांच्याकडे घरी करायची रोजची पूजा आहे, तोंड-हात मिठाच्या पाण्यानं शुद्ध करायचे, पांढरे कपडे, दिवा, धूप, पाणी, थोडं अन्न, आणि नंतर ते अन्न आपण खायचं. सिउदा यांनी स्वतः राजपदाची पदवी घेतली, त्यांचा राज्याभिषेक झाला १९९६ मध्ये, आणि त्या मुकुटापाशी मी मनानं थोडी मागे सरकते. पण शिकागोच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये ऑफिसला जायच्या आधी कुणी एक बाई कपाटातला देव्हारा उघडून पाणी ठेवतेय, हे चित्र आलं की पुन्हा पुढे येते.

अमेरिकेतल्याच नेवाडा राज्यात सेखमेट या इजिप्शियन देवीचं देऊळ आहे, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. जेनेव्हिव्ह वॉन नावाची टेक्ससची बाई साठच्या दशकात इजिप्तला गेली होती, मूल होत नव्हतं, कर्नाकला प्ताहच्या छोट्या देवळात सेखमेटची काळ्या दगडाची मूर्ती आहे, सिंहाचं तोंड आणि बाईचं अंग, तिच्यापुढे तिनं नवस बोलला की मूल झालं तर तुझं देऊळ बांधीन. मुली झाल्या. नवस फेडायला १९९३ उजाडलं. लास वेगासपासून तासाभरावर कॅक्टस स्प्रिंग्ज म्हणून वाळवंटातली जागा आहे तिथे तिनं देऊळ बांधलं, आणि ती जागा मुळात ज्यांची, त्या वेस्टर्न शोशोनी लोकांना जमीन परत केली. देवळाला चारी बाजूंनी कमानी, दारं नाहीत, कधीही या, पैसे नाहीत. एक पुजारीण तिथेच राहते.

आणि शेजारी काय, तर अमेरिकेची अणुचाचण्यांची जागा. १९५१ ते १९९२ मध्ये तिथे ९२८ अणुचाचण्या झाल्या. सेखमेटची गोष्ट अशी की माणसं माजली म्हणून सूर्यदेव रा यानं तिला पाठवलं, ती मारत सुटली, थांबेना, तेव्हा देवांनी बीअरमध्ये तांबडी माती कालवून रानभर ओतली, तिला ते रक्त वाटलं, प्यायली आणि शांत झाली. नवस तर कुठेही फेडता आला असता, पण या बाईनं नेमकं तिथे देवीला नेऊन बसवलं. मला ते फार बरोबर वाटतं. कारण सेखमेट रोगराई पाठवते आणि बरंही तीच करते, तिचे पुजारी वैद्यकी करायचे. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे रोगालाच देवी म्हणायचे. आजीच्या गालावर वण होते आणि ती म्हणायची मला देवी आल्या होत्या. असं, आदरानं, पाहुणी येऊन गेल्यासारखं.

लोक मला विचारतात की अगं हे मेलेलं उकरून काय मिळतं या बायांना. मला वाटतं ज्यांच्या घरी ते कधी तुटलं नाही त्यांनाच हा प्रश्न पडतो. आणि आपल्याकडे तरी बायांना सगळं आयतं कुठे मिळालं? साकोरीला उपासनी महाराजांनी मुलींना वेद शिकवले, गोदावरी मातांच्या काळात तिथल्या कन्या यज्ञ करत होत्या. पुण्यात सत्तरच्या दशकात थत्ते मामांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं तेव्हा लोकांनी काय काय बोलून घेतलं. माझ्या मावससासूबाई त्या वर्गाला जायच्या. त्यांना मी फोन केला शेवटी, शाळिग्रामाचं विचारायला. त्या म्हणाल्या, तांदळातनं काढलास का आधी? काढ. गुदमरला असेल.

अबायडॉसला मी गेल्या डिसेंबरात गेले. टूरमध्ये ते नसतं, लक्झरहून बसनं तीन तास लागतात, आम्ही सहाजणींनी वेगळे पैसे भरून गाडी केली. गाव अगदी जवळ, उसाची शेतं, गाढवं, मुलं शाळेतून येतायत. ओम सेटी या गावात राहिली, मुसलमानांबरोबर रमजान पाळला, ख्रिश्चनांबरोबर नाताळ केला, बायकांचे उपाय, नवस, बाळंतपणाच्या रीती लिहून ठेवल्या, यातलं किती फारोंच्या काळापासून चालत आलंय ते दाखवलं. धर्म गेला असं आपण म्हणतो पण तिला तो गावातल्या बायकांच्या हातात थोडा थोडा सापडत होता. देवळात एक नाग होता त्याला ती खायला घालायची, पहारेकरी घाबरायचे. १९८१ च्या २१ एप्रिलला ती गेली. आपल्याच बागेत तिनं स्वतःसाठी थडगं बांधून ठेवलं होतं, पण आरोग्य खात्यानं तिथे पुरू दिलं नाही, आणि मुसलमानांच्या कबरस्तानात नाही, ख्रिश्चनांच्याही नाही, त्यांच्या हद्दीबाहेर वाळवंटात पुरलं तिला. ती बागेबद्दल जे सांगायची ना, की देवळाला बाग होती, ती जागा खणल्यावर तिनं सांगितल्यासारखी सापडली म्हणतात.

आत अंधार होता आणि रंग इतके ताजे की मला वाटलं कुणी कालच दिलेत. हिरवा, तांबडा, आणि तो निळा. मी चपला काढून हातात घेतल्या. का काढल्या ते मला विचारू नका, गाभारा दिसला आणि पाय आपोआप निघाले. फरशी गार. एक म्हातारा पहारेकरी खांबाला टेकून उभा होता, त्यानं माझ्या हातातल्या चपलांकडे बघितलं आणि दोनच शब्द बोलला, ओम सेटी. प्रश्न नव्हता तो.

ओसायरिसच्या गाभाऱ्यात मी एकटीच होते तीन-चार मिनिटं. पर्समध्ये पारले-जीचा पुडा होता, मुंबईहून आणलेला. तिथे काही ठेवणं बरोबर नाही, मुंग्या होतात, रंग खराब होतात, तीन हजार वर्षांची भिंत आहे ती, मी कोण. पण आपल्याकडे नैवेद्य ठेवत नाहीतच मुळी, दाखवतात. तर मी पुडा उघडून तळहातावर धरला आणि दाखवला. पाणी फिरवायला बाटली होती पण फरशीवर नको म्हणून नुसतं बोट फिरवलं. मंत्र कुठला म्हणणार, त्यांचा मला येत नाही आणि आपला तिथे म्हणावासा वाटला नाही, म्हणून गप्प उभी राहिले. डोळे मिटले तर बाबांची पाठ दिसली नाही. समोर भिंत दिसली. मग मागे मागे चालत बाहेर आले.

परतीच्या गाडीत जळगावच्या मावशी माझ्या शेजारी होत्या, त्या गुडघ्यांमुळे देवळात फार आत आल्याच नव्हत्या. भूक लागली होती सगळ्यांना. मी पुडा काढला, एक बिस्किट त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, प्रसाद आहे. कुणाचा, कुठला, त्यांनी काही विचारलं नाही. डोळ्यांना लावलं आणि खाल्लं.